कीबोर्ड वर येतो आणि नेमका लिहायचा रकानाच झाकतो : काय उपाय?

अर्धविराम
मंडळी, एक जुनं अँड्रॉइड अॅप सांभाळायला माझ्या गळ्यात पडलंय. अर्ध्या स्क्रीन जुन्या एक्सएमएल लेआउटच्या, अर्ध्या कंपोजच्या (स्क्रीन कोडमध्येच रचायची अँड्रॉइडची नवी पद्धत). त्यात नोंदणीचा लांबलचक फॉर्म आहे, नाव पत्ता वगैरे, शेवटी 'शेरा' म्हणून तीन-चार ओळींचा रकाना आणि त्याखाली 'जतन करा' बटण. मॅनिफेस्टमध्ये (अॅपची माहिती देणारी फाइल) पूर्वीपासून अॅडजस्टरिसाइझ (म्हणजे कीबोर्ड आला की स्क्रीन आकसव) लिहिलेलं होतं, सगळं सुरळीत चालू होतं त्यामुळे तिकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. आता टार्गेट एसडीके (अॅप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी बनवलंय तो आकडा) ३५ केलं आणि अँड्रॉइड १५ च्या फोनवर शेऱ्यात बोट टेकवलं की कीबोर्ड थेट त्याच्यावरच येऊन बसतो, टाइप करतोय ते दिसत नाही आणि बटण तर पार गाडलं जातं. तीच एपीके (अॅपची फाइल) अँड्रॉइड १३ वर अगदी शहाण्यासारखी वागते!!
अॅडजस्टपॅन करून बघितलं तर अख्खी स्क्रीन वर ढकलली जाते, वरचा टूलबार गायब, आणि बटणापर्यंत स्क्रोलही होत नाही. नेटवर शोधलं तर प्रत्येकजण वेगळंच सांगतोय, त्यातली निम्मी उत्तरं दहा वर्षांपूर्वीची. स्क्रोलव्ह्यू आहे हो, आधीच सांगतो. आयफोनवाल्यांनीही लिहा, ती आवृत्ती पण पुढेमागे माझ्याकडेच येणार अशी चिन्हं आहेत.

खडूस_कोडर
कीबोर्ड लहान करायला सांगा युजरला. (पळतो)

कंपाइलर_काका
अर्धविराम, तुमचं काही बिघडलेलं नाही, खालची जमीन सरकलीये. अँड्रॉइड १५ वर जी अॅप एसडीके ३५ टार्गेट करतात त्यांना एज-टू-एज सक्तीचं झालं. म्हणजे तुमची स्क्रीन आता स्टेटस बारच्या मागून नॅव्हिगेशन बारच्या मागपर्यंत पसरते. पूर्वी अॅडजस्टरिसाइझ लिहिलं की सिस्टिम स्वतः तुमच्या लेआउटला कीबोर्डएवढी जागा सोडून द्यायची. आता ती फक्त कळवते, 'बाबा, खाली इतके पिक्सेल कीबोर्डने घेतलेत', आणि पुढचं तुम्ही बघा. तुमच्या कोडमध्ये ते ऐकणारं कोणी नाही म्हणून कीबोर्ड सरळ वर येऊन बसतो. खरं तर हे अचानक झालेलं नाही, २०२० साली अँड्रॉइड ११ आलं तेव्हाच अॅडजस्टरिसाइझचा फ्लॅग कालबाह्य म्हणून जाहीर झाला होता आणि त्याच वेळी कीबोर्डसाठी वेगळा आयएमई इनसेट (कीबोर्डने व्यापलेल्या जागेचं माप) मिळायला लागला. आपण सगळ्यांनी दुर्लक्ष केलं कारण चालत होतं.
आता करायचं काय. मॅनिफेस्टमधलं अॅडजस्टरिसाइझ राहू द्या, काढू नका. मुळाशी जो व्ह्यू आहे त्याला व्ह्यूकंपॅटचा सेटऑनअप्लायविंडोइनसेट्सलिसनर (ही मापं बदलली की ऐकणारा कोड) लावा, त्यात सिस्टिमबार्स आणि आयएमई हे दोन्ही प्रकार एकत्र 'ऑर' करून गेटइनसेट्सला द्या आणि जे येईल ते पॅडिंग (कडेने सोडलेली जागा) म्हणून लावा. इथे लोक हमखास घसरतात : दोन वेगवेगळे इनसेट काढतात आणि खालच्या बाजूची बेरीज करतात. अहो, कीबोर्डची उंची स्क्रीनच्या तळापासून मोजलेली असते, नॅव्हिगेशन बार त्यात आलाच. बेरीज केली की कीबोर्डच्या वर एक रिकामी पट्टी दिसते आणि मग ती घालवायला लोक उणे मार्जिन वगैरे द्यायला लागतात. 'ऑर' करून मागितलं की दोन्हीतलं मोठं मिळतं, तेच हवंय.
दुसरी गोष्ट, पॅडिंग स्क्रोलव्ह्यूच्या पालकाला लावा, स्क्रोलव्ह्यूला नको. स्क्रोलव्ह्यूचा स्वतःचा आकार बदलला की तो बघतो, फोकस कुठल्या रकान्यात आहे आणि तो झाकला जातोय का, आणि जात असेल तर स्वतः सरकतो. पॅडिंग त्यालाच दिलं तर त्याचा आकार तेवढाच राहतो, मग हा बेत फसतो. जागा असते पण रकाना वर येत नाही, हाताने सरकवावा लागतो.

अर्धविराम
काका __/\__ एक्सएमएलची स्क्रीन लगेच ताळ्यावर आली. पालकाला पॅडिंग हा मुद्दा कुठेच वाचला नव्हता.
एज-टू-एज टाळायचा एक थीममधला फ्लॅग पण दिसतोय, तो लावून मोकळं व्हावं का? डेडलाइन डोक्यावर आहे.

कंपाइलर_काका
लावता येईल, पण टार्गेट ३६ केलंत की अँड्रॉइड १६ वर तो फ्लॅग चालत नाही. आज वाचवलेलं काम पुढच्या वर्षी व्याजासकट. तुमची मर्जी.

जुनाजाणता
रच्याकने, नव्या मुलांना सांगून पटणार नाही पण अँड्रॉइड ११ च्या आधी कीबोर्ड उघडा आहे की बंद हे विचारायची सरळ सोयच नव्हती. आम्ही काय करायचो, ग्लोबललेआउटलिसनर लावायचा, दिसणाऱ्या भागाची चौकट मागायची, मुळाच्या उंचीतून वजा करायची आणि फरक बराच मोठा निघाला की समजायचं, आला कीबोर्ड. किती मोठा म्हणजे मोठा? कोणी दोनशे डीपी (अँड्रॉइडचं मापाचं एकक) म्हणायचं, कोणी स्क्रीनचे पंधरा टक्के. सगळा अंदाजपंचे कारभार. आणि फुलस्क्रीन अॅक्टिव्हिटीत तर अॅडजस्टरिसाइझ चालतच नव्हतं, त्या बगचा नंबर ५४९७, तो आमच्या पिढीला तोंडपाठ आहे, त्या नावाचा एक उपाय-क्लासच प्रसिद्ध होता आणि अजूनही कित्येक अॅपच्या कोडमध्ये तो सापडेल. अर्धविराम, तुमच्या जुन्या अॅपमध्ये पण शोधा. असेल तर तो आधी उपटून काढा, नाहीतर नवीन लिसनर आणि तो, दोघं एकाच वेळी उंची बदलत बसतील.

अर्धविराम
जुनाजाणता, तुमच्या तोंडात साखर पडो, आहे! युटिल्स नावाच्या फोल्डरमध्ये धूळ खात पडलेला, आणि दोन अॅक्टिव्हिटी तो अजून वापरतायत.
आता कंपोजची गंमत. तिथे उलटंच झालंय, कीबोर्ड आला की रकाना वर जातो खरा पण कीबोर्ड आणि बटण यांच्यामध्ये अर्धी स्क्रीन रिकामी. आयएमईपॅडिंग लावलंय.

कंसातला_कंस
दोनदा पॅडिंग लागतंय. कंपोजव्ह्यू त्याच एक्सएमएलच्या आत बसवलेला आहे ना? बाहेरच्या लिसनरने कीबोर्डएवढी जागा सोडली, आणि इनसेट तसेच आत जाऊ दिले, मग आतल्या आयएमईपॅडिंगने पुन्हा तेवढीच सोडली. बाहेरच्या लिसनरमधून 'कन्झ्युम्ड' परत करा, किंवा मग कंपोजच्या स्क्रीनपुरतं बाहेरचं काढून टाका. मी दुसरं करेन.
नुसत्या कंपोजमध्येही हे होतं बरं का. स्कॅफोल्ड (पानाचा तयार सांगाडा) जे आतलं पॅडिंग देतो त्यात तळाच्या बारची उंची आधीच आहे. ते पॅडिंग लावल्यावर लगेच कन्झ्युमविंडोइनसेट्स लावलं नाही तर आयएमईपॅडिंगला कळतच नाही की थोडी जागा आधीच सुटलीये. आणि क्रम! आयएमईपॅडिंग आधी, व्हर्टिकलस्क्रोल नंतर. उलटं लिहिलं तर पॅडिंग स्क्रोल होणाऱ्या मजकुराच्या शेवटी चिकटतं, म्हणजे दिसणारी खिडकी तेवढीच मोठी राहते आणि तिचा खालचा भाग कीबोर्डच्या मागे. मॉडिफायरचा क्रम बदलला की अर्थ बदलतो हे माहीत असतं सगळ्यांना, पण इथे हमखास विसरतात.
माझं तर मत असं झालंय की या सगळ्या भानगडीत प्रश्न एकच विचारायचा : कीबोर्डला जागा करून द्यायची जबाबदारी कोणाची? एका स्क्रीनवर एकच थर ती घेणार. सिस्टिम, बाहेरचा लेआउट, स्कॅफोल्ड, एखादी लायब्ररी, यातलं कोणीही एक. कोणीच घेतली नाही तर रकाना झाकतो, दोघांनी घेतली तर भगदाड पडतं. बहुतेक सगळे बग या दोनातलेच असतात.

फडफड
+१ शेवटच्या परिच्छेदाला. फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीची अॅप बनवायचं साधन) डिट्टो हेच. स्कॅफोल्डचं रिसाइझटूअव्हॉइडबॉटमइनसेट मुळातच चालू असतं, म्हणजे जबाबदारी त्याने घेतलेली आहे. पण लोक टॅबसाठी एक स्कॅफोल्ड आणि आत प्रत्येक पानाला दुसरा असं करतात, वर आणि मीडियाक्वेरीतून व्ह्यूइनसेट्स (कीबोर्डने घेतलेली जागा) काढून स्वतःच्या हाताने पॅडिंग देतात, मग म्हणतात हिशोब जुळत नाही. गंमत म्हणजे स्कॅफोल्डच्या बॉडीच्या आतल्या कॉन्टेक्स्टमधून व्ह्यूइनसेट्सचा तळ विचारलात तर शून्य येतो, कारण स्कॅफोल्डने तो आधीच खाल्लेला असतो. यावर डोकं फोडून घेणारे किती बघितलेत.
दुसरं ते पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं. कॉलममध्ये फॉर्म आहे, कीबोर्ड आला, जागा कमी पडली, ओव्हरफ्लोच्या पट्ट्या दिसल्या, की भाऊ काय करतो तर रिसाइझटूअव्हॉइडबॉटमइनसेट फॉल्स करून टाकतो. पट्ट्या गेल्या, सगळे खूश. रकाना झाकला जातोय हे कळतं युजरने शिव्या घातल्यावर. तिथे सिंगलचाइल्डस्क्रोलव्ह्यू हवा होता, बस.
आणखी एक : टेक्स्टफील्डला स्क्रोलपॅडिंग असतं, न सांगता २० असतं. रकाना वर आणताना आजूबाजूला किती जागा ठेवायची ते. रकान्याखाली चुकीचा संदेश दिसायला हवा असेल तर तळाकडचं वाढवा, संदेशही कीबोर्डच्या वर येतो.

नुसती_वाचक
तुमच्या तांत्रिक गोष्टी डोक्यावरून गेल्या पण मी वापरणारी आहे म्हणून लिहिते. एक पैसे पाठवायचं अॅप आहे माझ्याकडे, नाव घेत नाही. त्यात ओटीपी टाकला की 'पुढे' बटण कीबोर्डच्या मागे. बरं मागे घ्यायला बॅक दाबलं तर कधी नुसता कीबोर्ड जातो आणि कधी अख्खं पान मागे जातं आणि परत नवीन ओटीपी मागवा!! आणि कीबोर्ड उघडा असताना कुठलंही बटण दाबलं तर पहिल्या वेळी फक्त कीबोर्ड मिटतो, बटण दुसऱ्यांदा दाबावं लागतं. माझ्या सासूबाईंना वाटतं फोन खराब झालाय. त्यांनी अक्षरं मोठी करून ठेवलीयेत, त्यांच्या फोनवर कीबोर्ड आल्यावर वर जेमतेम एक ओळ उरते. तुम्ही लोक असा फोन घेऊन बघता का कधी?

खडूस_कोडर
ताई, दोनदा दाबायचा प्रकार ऐकून सांगतो, ते अॅप बहुधा रिअॅक्ट नेटिव्हचं (जावास्क्रिप्टमधून मोबाइल अॅप बनवायचं साधन) असावं. तिथे स्क्रोलव्ह्यूला कीबोर्डशुडपर्सिस्टटॅप्स नावाचं प्रॉप (सेटिंग) असतं, ते दिलं नाही तर पहिला टॅप कीबोर्ड मिटवण्यातच जातो. 'हँडल्ड' एवढा एक शब्द लिहायचा असतो तिथे. एक शब्द! आणि तिथलं कीबोर्डअव्हॉइडिंगव्ह्यू म्हणजे तर वेगळाच ग्रंथ, आयफोनला बिहेवियर 'पॅडिंग' द्या, अँड्रॉइडला बघून ठरवा, वर हेडर असेल तर त्याची उंची कीबोर्डव्हर्टिकलऑफसेटमध्ये द्या, नाही दिली तर बरोब्बर हेडरएवढाच भाग झाकलेला राहतो. झाकलेला भाग हेडरइतकाच दिसला तर दुसरं काही शोधत बसू नका.
बाकी मी तर म्हणतो लायब्ररी टाका आणि झोपा. आयफोनला आयक्यूकीबोर्डमॅनेजर आहे, रिअॅक्ट नेटिव्हला कीबोर्ड-कंट्रोलर आहे. चाक परत कशाला शोधायचं.

सफरचंदवाला
आयक्यूकीबोर्डमॅनेजरला नावं ठेवणार नाही, एके काळी त्याने लाज राखली. पण ते सगळ्या अॅपभर लागू होतं, आणि चॅटची स्क्रीन किंवा स्वतःचा इनपुट बार आला की त्या स्क्रीनपुरतं बंद करत बसावं लागतं. परत तेच, दोघांनी जबाबदारी घेतली.
अर्धविराम, तुमच्यासाठी आयफोनचं थोडक्यात. आयओएस १५ च्या पुढे असाल तर कीबोर्डलेआउटगाइड वापरा. स्क्रोलव्ह्यूचा तळ त्या गाइडच्या टॉपअँकरला बांधायचा, संपलं. कीबोर्ड नसताना तो गाइड सेफ एरियाच्या (कडेचे बार वगैरे सोडून उरलेला मोकळा भाग) तळाशी जाऊन बसतो, कीबोर्ड आला की त्याच्यासोबत वर येतो, अॅनिमेशन पण जुळून येतं. २०२१ पासून आहे तरी लोक अजून कीबोर्ड आल्या-गेल्याची नोटिफिकेशन ऐकत बसतात.
नोटिफिकेशनच वापरायची वेळ आली (जुना कोड असतोच) तर काही खाचखळगे. चौकट 'एंड' वाली घ्या, 'बिगिन' वाली नाही. ती स्क्रीनच्या मापात येते, ती तुमच्या व्ह्यूच्या मापात कन्व्हर्ट करून दोघांचा छेद काढा, कारण आयपॅडवर तुमची खिडकी स्क्रीनएवढी असेलच असं नाही. कॉन्टेंटइनसेट देताना सेफ एरियाचा तळ वजा करा, नाहीतर होम इंडिकेटरवाल्या फोनवर ३४ पॉइंटची पट्टी उरते. विलशो पेक्षा विलचेंजफ्रेम ऐका, कीबोर्ड उघडा असतानाच उंची बदलते, सुचवण्यांची पट्टी येते-जाते, इमोजी उघडतो, भाषा बदलतो. आयओएस ८ पासून बाहेरचे कीबोर्डही आहेत, त्यांची उंची त्यांच्या मर्जीची. कोडमध्ये कीबोर्डची ठोकून लिहिलेली उंची म्हणून २१६ हा आकडा दिसला तर लिहिणाऱ्याला शोधून काढा.
मोठ्या टेक्स्टव्ह्यूत (तुमचा शेरा) रकाना दिसतोय एवढ्यावर भागत नाही, कर्सर दिसायला हवा. कॅरेटरेक्ट (कर्सरची चौकट) काढून तेवढा आयत स्क्रोलरेक्टटूव्हिजिबलला द्या.
स्विफ्टयूआय (आयफोनचं कंपोज म्हणा) आयओएस १४ पासून स्वतःच सरकतं, तिथे उलट तक्रार असते, मागचं चित्रसुद्धा चेपलं जातं. त्याला इग्नोर्ससेफएरिया कीबोर्डपुरतं लावा.

कंपाइलर_काका
२१६ वर मनापासून हसलो. अँड्रॉइडवाल्यांकडे पण तसले आकडे असतात.
लायब्ररीबद्दल खडूसशी असहमत. वापरा, पण आतून ती काय करते हे वाचल्याशिवाय नको, नाहीतर पुढच्या ओएसला तुम्ही तिच्या अपडेटची वाट बघत बसणार.

वेबवाला
आमची पण कथा ऐका. ब्राउझरात दोन खिडक्या धरायच्या, एक लेआउट व्ह्यूपोर्ट (पानाची मांडणी जिच्यात होते ती) आणि एक व्हिज्युअल (प्रत्यक्ष दिसणारी). सफारी आयफोनवर कीबोर्ड आला तरी लेआउट बदलत नाही, फक्त दिसणारी खिडकी लहान होते. अँड्रॉइडवर क्रोम पूर्वी लेआउटच आकसायचा, २०२२ च्या शेवटी क्रोम १०८ पासून तोही सफारीसारखा वागायला लागला. म्हणून तळाला फिक्स्ड केलेली बटणं कीबोर्डच्या मागे गेली आणि लोकांना वाटलं आपण काही मोडलं. जुनी वागणूक हवी असेल तर व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमध्ये इंटरअॅक्टिव्ह-विजेट आणि रिसाइझेस-कॉन्टेंट लिहा. सफारीत त्याच्या भरवशावर राहू नका, तिथे व्हिज्युअलव्ह्यूपोर्टचा रिसाइझ इव्हेंट ऐकून स्वतः हिशोब करा. आणि डीव्हीएच एककं (खिडकीच्या उंचीवरून मोजायची) कीबोर्डसाठी नाहीत, ती अॅड्रेस बारसाठी आहेत, हा गैरसमज फार आहे.
अवांतर : आयफोनवर रकान्याचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर सफारी फोकसला झूम करतं आणि पान आडवं सरकतं. ती तक्रार पण 'कीबोर्डमुळे पान हललं' अशीच येते, आणि मग माणूस भलतीकडे शोधत बसतो.

चाचणीताई
नुसती_वाचक यांनी विचारलंय ना, असा फोन घेऊन बघता का, तर बहुतेकजण नाही बघत. डेव्हलपरच्या हातात मोठा फोन, सिम्युलेटरवर लॅपटॉपचा कीबोर्ड जोडलेला, म्हणजे पडद्यावर कीबोर्ड येतच नाही! आयफोनच्या सिम्युलेटरमध्ये कमांड-के दाबा, मग येतो. अँड्रॉइडवर लहान फोन नसेल तर एडीबी शेलमधून (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) डब्ल्यूएम साइझ आणि डब्ल्यूएम डेन्सिटी बदलून आहे तोच फोन लहान करता येतो, झालं की रिसेट करायला विसरू नका.
मी काय करते, फॉन्ट सगळ्यात मोठा ठेवते आणि शेवटच्या रकान्यात मुद्दाम चुकीचं लिहून सबमिट करते. चुकीचा लाल संदेश दिसला का, त्याने बटण खाली ढकललं का, बटणापर्यंत जाता आलं का. मग लिहिता लिहिता इंग्रजीतून मराठी कीबोर्डवर जाते, इमोजी उघडते, फोन आडवा करते, अॅप मागे टाकून परत आणते. तरंगता कीबोर्ड पण, त्याने तळाची जागा घेतलेलीच नसते, पण उंची अंदाजाने धरणारी अॅप तरीही वर उडी मारतात. सगळ्यात जास्त बग भाषा बदलताना आणि अॅप परत आणताना सापडतात. पहिल्यांदा कीबोर्ड उघडताना सगळं ठीकच असतं, तेवढंच तर डेव्हलपरने बघितलेलं असतं :)

रेघोटी
डिझाइनवाली बोलतेय, मारू नका. सगळंच कीबोर्डच्या वर आलं पाहिजे असा हट्ट नको. तळाचा टॅबबार कीबोर्डवर स्वार होऊन वर येतो ते तर भयंकर दिसतं, लिहिताना टॅब कोणाला बदलायचेत? तो खालीच गाडला जाऊ द्या. बटणाचं मात्र बघायचं, एकच रकाना असेल (ओटीपी, शोध, चॅट) तर बटण कीबोर्डला चिकटून वर यावं. लांब फॉर्म असेल तर मुळीच नको, ते स्क्रोलच्या शेवटीच असू दे, नाहीतर आडव्या फोनवर नुसतं बटण आणि कीबोर्ड, रकान्याला जागाच नाही. आणि कीबोर्डवरच्या कोपऱ्यातल्या कळीला 'पुढे' ठेवा, शेवटच्या रकान्यात 'झालं'. निम्म्या वेळा माणसाला तुमच्या बटणापर्यंत जायची गरजच पडत नाही.
शेऱ्याचा रकाना वाढत जाणारा असेल तर त्याला कमाल उंची द्या.

अर्धविराम
रेघोटी, कमाल उंचीचं लगेच केलं, पाच ओळींवर थांबवलं, आत स्क्रोल. टॅबबार मुळाच्या पॅडिंगमधून बाहेर काढला, आता खालीच राहतो. जुना ५४९७ वाला क्लास उडवला. चाचणीताईंच्या पद्धतीने मोठ्या फॉन्टवर बघितलं तर लाल संदेश अर्धा झाकला जात होता, संदेश आल्यावर रिक्वेस्टरेक्टँगलऑनस्क्रीन बोलावलं, आता पूर्ण दिसतो.
एकच राहिलं. पत्ता बदलायला एक बॉटमशीट (तळातून वर सरकणारं पान) उघडतं, त्यातला रकाना अजूनही झाकला जातोय. अॅक्टिव्हिटीला लिसनर आहे की.

कंपाइलर_काका
बॉटमशीट म्हणजे डायलॉग, आणि डायलॉगची खिडकी वेगळी असते. अॅक्टिव्हिटीच्या लिसनरला तिथलं काही ऐकू येत नाही. डायलॉगच्या विंडोवर सॉफ्टइनपुटमोड वेगळा लावा आणि शीटच्या आतल्या मुळाला त्याचा स्वतःचा लिसनर द्या. शीट पूर्ण उघडलेल्या अवस्थेत सुरू करा, अर्धवट उघडं असलं तर पॅडिंगला वाढायला जागाच नसते.

फडफड
फ्लटरवाल्यांनो, तुमच्याकडे पण शोमोडलबॉटमशीटला इजस्क्रोलकंट्रोल्ड ट्रू द्या आणि तळाला व्ह्यूइनसेट्सचं पॅडिंग. तिथे शीट स्कॅफोल्डच्या बाहेर असतं म्हणून हाताने द्यावंच लागतं.

अर्धविराम
झालं. शीटमध्ये पण दिसतोय रकाना. आता त्या दोन अॅक्टिव्हिटी, ज्या जुना क्लास वापरत होत्या, त्या आडव्या करून बघतो आणि चाचणीला पाठवतो. चाचणीताई, तुमची यादी आमच्या टेस्टरला जशीच्या तशी देतोय, चालेल ना?

चाचणीताई
द्या की. आणि त्यात हेही टाका, कीबोर्ड उघडा असताना बॅक दाबायचं, पान जागेवर राहिलं पाहिजे.